खोड जुनं, कातडं नवं

‘अँटिक ट्रायबल ढोल. जव्हार-मोखाडा भाग. २०० वर्षं जुना. फिक्स रेट.’ या वळणाच्या जाहिराती मोबाइलवर चाळत बसण्याचा नाद बऱ्याच जणांना असतो, मलाही आहे. फोटोत ढोल सारवलेल्या भिंतीला टेकवलेला, शेजारी वारली चित्र. ढोलाच्या आतला फोटो मात्र नाही, काठाचा नाही, दोरीच्या गाठींचा तर नाहीच. खाली लिहायला एक चौकट असते आणि तिच्यात घेणारा पहिलं वाक्य टाकतो: ‘लास्ट प्राइस?’

निम्मा सौदा तिथेच बिघडतो. विकणारा एक आकडा फेकतो, घेणारा त्याच्या निम्मा सांगतो आणि दोघं मध्ये कुठेतरी येऊन थांबतात. वस्तू नेमकी काय आहे, तिच्यातलं जुनं किती नि नवं किती, ती वाजते का, हे विचारायचं राहूनच जातं. जुन्या तालवाद्यांच्या बाजारात ज्याला वाद्य वाचता येतं त्याच्याकडे सौद्याची दोरी असते. पूर्वी दुकानात बसून चार थापा मारून ते वाचता यायचं. आता फोटो, व्हिडिओ आणि प्रश्न, एवढ्यावरच वाचायचं आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. चर्मवाद्याला एकच एक वय नसतं. तबल्याचंच घ्या. लाकडी खोड पन्नास वर्षांचं असू शकतं, ताणायची चामडी वादी दहा वर्षांची, तिच्याखालचे गठ्ठे त्याहून अलीकडचे आणि वर मढवलेली पुडी गेल्या दिवाळीतली. रोज रियाझ करणाऱ्याची पुडी वर्ष-दोन वर्षांतही उतरते. मधली शाई उडते, काठाची चाट फाटते, मग नवी पुडी मढवावी लागते. ढोलाचं कातडं तर टिपरूचे घाव खातं, ते त्याहून लवकर जातं. म्हणजे ‘शंभर वर्षं जुना तबला’ असं कोणी म्हणालं, तर त्यातलं शंभर वर्षं जुनं असलंच तर फक्त लाकूड असणार. बाकी सगळं बदलत आलेलं असतं, आणि त्यात फसवणूक काही नाही. वाजतं वाद्य असंच जगतं. उलट ज्याचं कातडंही शंभर वर्षांचं आहे ते वाद्य बहुधा शंभर वर्षं वाजलेलंच नाही.

म्हणून किंमतही तुकड्या-तुकड्यांनी लावायची. खोडाची वेगळी, डग्ग्याच्या धातूची वेगळी, पुडीची वेगळी. विकणारा एकच गोळाबेरीज आकडा सांगतो, कारण त्यात त्याचा फायदा असतो. घेणाऱ्याने तो आकडा शांतपणे फोडत बसावं.

आता त्या ‘२०० वर्षां’कडे वळू. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या शिरावर मानाचा तुरा खोवला, अशी इथली परंपरा सांगते. माळावर आज स्मारक आहे, शाळांच्या सहली येतात. परंपरा माळाची आहे, पण तिचा प्रकाश आसपासच्या प्रत्येक जुन्या वस्तूवर पडतो. या भागातून निघालेला कुठलाही नगारा, कुठलंही सांबळ जाहिरातीत चढलं की ‘शिवकालीन’ किंवा निदान ‘संस्थानकालीन’ होऊ पाहतं. त्यातलं ‘संस्थानकालीन’ हे तर फार सोयीचं विशेषण आहे. मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळे १९४७ साली बाजारातून आणलेला साधा ढोलही तांत्रिकदृष्ट्या संस्थानकालीनच ठरतो. शब्द खोटा नाही, पण त्याने राजवाड्याचा वास येतो आणि त्या वासाचे पैसे मागितले जातात.

असल्या दाव्याची परीक्षा कशी करायची? खिळ्या-स्क्रूंपासून. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात आला. नायलॉन जगापुढे आलं १९३८ मध्ये. नगाऱ्याच्या कडीला अधिकाच्या खाचेचा स्क्रू आणि ताणायला नायलॉनची दोरी दिसली, तर हे दोन्ही भाग नंतरचे आहेत इतकं नक्की. पण इथे हुशारी जास्त दाखवू नये. कडी नंतर ठोकलेली असू शकते, दोरी तर बदलायचीच असते. त्यावरून भांडं नवं ठरत नाही. भांड्याचं वय भांड्यावरच शोधायचं. तांब्याच्या जुन्या घडीव भांड्यावर हातोड्याचे ठोके असतात. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात तशा त्या ओळी, आणि हाताच्या ठोक्यांत थोडी उन्नीस-बीस राहतेच. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्याला एकमेकींना समांतर, बारीक, गोल रेघा असतात. उजेड तिरका पडेल असा फोटो मागितला की हा फरक मोबाइलच्या पडद्यावरही कळतो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखीच चकाकतात.

वयापेक्षा जास्त पैसे मिळवून देते ती वस्तूची हकीकत, आणि ती पुराव्यानिशी असेल तरच. बीटल्सच्या रिंगो स्टारचा लुडविग कंपनीचा ड्रमसंच डिसेंबर २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेला. तशाच बनावटीचा, त्याच काळातला, पण कोणा अनाम वादकाचा संच त्याच्या शेकडो पटीने कमी दरात मिळतो. लाकूड तेच, पत्रा तोच. फरक फक्त कोणी वाजवला, याच्या फोटोंचा आणि चित्रफितींचा. आपल्याकडे अशी कागदपत्रं दुर्मीळ. तरी एखाद्या भजनी मंडळाचा जुना फोटो, खोडावर कोरलेलं नाव, दुकानाची जीर्ण पावती, अगदी वादकाच्या मुलाने लिहून दिलेल्या चार ओळी, यांना किंमत आहे. ‘आमच्या आजोबांच्या वेळचा आहे’ हे वाक्य ऐकायला गोड असतं, पण त्याला पैसे लावायचे नाहीत. आजोबांचा तबल्यासकट फोटो आला तर लावायचे.

आता तबला-डग्ग्याचं वाचन जरा सविस्तर, कारण मराठी घरांतून ऑनलाइन विकायला निघणारी सर्वांत सामान्य जोडी हीच. मुलाने तबल्याची चौथी परीक्षा दिली, अभियांत्रिकीला गेला, तबला माळ्यावर गेला. दहा वर्षांनी घर बदलताना जाहिरात पडते.

पहिलं, खोडाचं वजन आणि मुखाचा व्यास. घरोघरी स्वयंपाकघरात वजनकाटा असतो, त्यावर ठेवून फोटो काढायला सांगावं. शिसम, खैर, बिवळा ही लाकडं जड. आंब्याचं किंवा तसल्या हलक्या लाकडाचं खोड वरून गडद पॉलिश मारून ‘शिसम’ म्हणून विकायला काहीच अडचण नसते, पण वजन पॉलिशला जुमानत नाही. मुखाचा व्यास इंचांत विचारावा. सव्वापाच इंचांच्या आसपासचा तबला वरच्या सुरांना बरा, सहा इंचांचा खालच्या. विकणाऱ्याने ‘काळी एकचा तबला’ म्हटलं आणि व्यास सव्वासहा निघाला, तर त्याला सूर तरी कळत नाही किंवा टेप तरी.

दुसरं, पोटातली बाजू. पुडी मढवलेली असताना आत दिसत नाही हे खरं, पण तळ दिसतो. तळाला बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी असेल तर किडा लागलेला आहे. उभी चीर गेली असेल तर ती बहुधा लाकडाचा भुसा आणि डिंक भरून वरून रंगवलेली असते. वादीच्या पट्ट्या बाजूला सारून मधल्या लाकडाचा फोटो मागावा, चीर तिथेच लपते. जुनं लाकूड अधिक गोड वाजतं असं जाणकार सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पुरतं वाळलेलं खोड नव्याने तडकण्याची भीती कमी, हा खरा फायदा. आवाजाचा मोठा वाटा पुडी बांधणाऱ्याच्या हाताचा आणि मुखाच्या काठाच्या घडणीचा असतो.

तिसरं, डग्गा. इथे एक स्वस्त आणि निर्दयी कसोटी आहे: लोहचुंबक. तांब्याला, पितळेला चुंबक चिकटत नाही. निकेल-क्रोम चढवलेला लोखंडी डग्गा फोटोत पितळी डग्ग्याइतकाच रुबाबदार दिसतो, पण फ्रिजवरचं चुंबक लावल्याचा पाच सेकंदांचा व्हिडिओ मागितला की प्रश्न मिटतो. मग वजन. चांगला तांब्याचा डग्गा तीन किलोच्या पुढे जातो. हलका असेल तर पत्रा पातळ आहे, घुमारा कमी मिळणार. पोचे आलेत का तेही बघावं. वाद्यांच्या दुकानात जुनी जोडी देऊन नवी घेताना दुकानदार कधीकधी डग्ग्याला मोडीच्या भावाने तोलतो, म्हणजे धातूचा किलोचा दर गुणिले वजन. हा आकडा आपल्याला माहीत असावा. वाजत्या डग्ग्याची किंमत त्याच्या खाली जाऊच शकत नाही. सौद्यातला तो तळ.

चौथं, आवाज. व्हिडिओत विकणारा बहुधा एक दणदणीत तिरकिट वाजवून दाखवतो. ते ऐकून भुलू नये. तबल्याच्या काठावर वादीमुळे पडलेली सोळा घरं असतात. त्या प्रत्येक घरासमोर चाटेवर एकेक ‘ना’, सावकाश, एका फेरीत वाजवून दाखवायला सांगावं. पुडी ठीक असेल तर सगळीकडून एकच सूर येतो. दोन-तीन घरांशी तो खाली-वर झाला तर हातोडीने मिळवता येईल, पण अर्धं वर्तुळ बसलेलं असेल तर नव्या पुडीचा खर्च धरूनच बोलावं. विकणाऱ्याला वाजवता येत नसेल तर बोटाने टिचकी मारली तरी चालते. उलट न वाजवणाऱ्याची टिचकी वादकाच्या सफाईपेक्षा जास्त खरं सांगते.

बनवणाऱ्याचं नाव हाही किमतीचा भाग असतो. मिरजेहून आलेल्या व्हटकर घराण्यातले हरिदास व्हटकर यांनी झाकीर हुसेन यांच्यासाठी वर्षानुवर्षं तबले घडवले. अशा हातची वस्तू असेल तर मागणारा जास्त मागणारच. पण तबल्याला मोटारीसारखा क्रमांक नसतो. चिठ्ठी चिकटवलेली असते आणि चिठ्ठी हलवता येते. नाव मोठं असेल तर घडवणाऱ्याच्या कारखान्यात फोटो पाठवून विचारावं. कारागीर आपलं काम ओळखतो, बहुतेक वेळा पहिल्या नजरेत.

पाश्चात्त्य ड्रमसंचांचं गणित वेगळं. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत कावस लॉर्ड आणि त्यांचा मुलगा बर्जोर ऊर्फ बुजी लॉर्ड यांच्यासारखे पारशी वादक होते, गोव्याचे वादक तर असंख्य. १९९१ पूर्वी परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे त्या काळी जो संच मुंबईत आला तो जिवापाड जपला गेला आणि हातोहात फिरला. हातोहात फिरताना त्याला भोकंही पडत गेली. नवा स्टँड बसवायचा, पाडा भोक. जुन्या संचाचा संग्राहक सगळ्यात आधी हीच जास्तीची भोकं मोजतो आणि किमतीतला मोठा भाग त्यावर कापतो. त्यानंतर तो कंपनीचा बिल्ला बघतो, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. शिकागोच्या लुडविगने १९६३-६४ च्या सुमारास बिल्ल्यांवर क्रमांक घालायला सुरुवात केली. कामगार डब्यातून हाताला येईल तो बिल्ला ठोकत, त्यामुळे क्रमांकावरून वर्ष काढणं अंदाजाचंच काम. त्याच सुमारास, ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री, अमेरिकी टीव्हीवर बीटल्स वाजले, ढोलावरचं लुडविगचं नाव कोट्यवधींनी पाहिलं आणि कारखान्याला मागणी पुरवता पुरवता धाप लागली. म्हणून वर्ष काढायला जाणकार आतल्या लाकडावर मारलेला तारखेचा शिक्का शोधतात. ब्रिटिश प्रीमियर कंपनी १९२२ ची. तिच्या नावाचा संच दिसला तरी नियम तोच: आतला फोटो मागा.

कातड्याचं मात्र तिथेही आपल्यासारखंच झालं. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली आणि इव्हान्स यांनी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची तोंडं बाजारात आणली, आणि वासराच्या कातड्याचे दिवस सरले. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत बकऱ्याच्या कातड्याची जागा फायबरच्या पानाने घेतली ती बरीच नंतर, पण कारणं तीच, पाऊस आणि खर्च. म्हणून १९५० च्या संचावर प्लास्टिकचं तोंड दिसलं तर त्यात गैर काही नाही. ते खोडाचं वय सांगत नाही, एवढंच.

आता प्रत्यक्ष घासाघीस. समजा, एका जोडीचे ९,००० मागितले आहेत. आकडे उदाहरणापुरते. तुम्ही वजन, व्यास, चुंबक, सोळा घरं, सगळं करून बघितलं. डग्गा तांब्याचा आहे, खोड शिसमचं, पण तबल्याची पुडी गेली आहे आणि वादीला गाठी मारल्या आहेत. जवळच्या तबल्याच्या दुकानात विचारलंत, पुडी आणि वादी मिळून २,५०० सांगितले. आता लिहायचं: ‘काका, डग्गा छान आहे, खोडही चांगलं आहे. पुडी नि वादी बदलायला दुकानात अडीच हजार सांगितले आहेत, पावतीचा फोटो जोडतो. तेवढे वजा करून साडेसहाला जमेल का?’ या वाक्यात तीन गोष्टी आहेत. वस्तूची स्तुती आहे, तीही खरी. कपातीचं कारण आहे, आणि ते तुमचं नाही, तिसऱ्याच्या पावतीवरचं आहे. शिवाय आकडा गोल नाही, हिशोबाने आलेला आहे. ‘साडेचारला देता का?’ म्हणणाऱ्या माणसाला विकणारा चिडून ‘नाही’ म्हणतो, हिशोब मांडणाऱ्याशी तो हिशोबावर भांडतो. आणि हिशोबावरचं भांडण नेहमी तुमच्या बाजूला सरकतं, कारण हिशोब तुम्ही मांडलेला असतो.

खोटी स्पर्धा मात्र लावू नये. ‘दुसरीकडे सहाला मिळतोय’ म्हटलं की विकणारा म्हणतो, ‘मग तिकडून घ्या’, आणि तो बरोबरच असतो.

हंगामाचंही भान हवं. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा कोणी स्वस्तात देत नाही. विसर्जनानंतर हौस भागलेली पथकं गोदाम रिकामं करतात. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. जव्हार-मोखाड्याच्या पावसात तर चांगला ढोलही आषाढात मेल्यासारखा वाजतो. अशा दिवसांत काढलेला व्हिडिओ ऐकून इतरांनी सोडून दिलेलं वाद्य घेणाऱ्याला बरं पडतं, फक्त खोड तपासलेलं हवं.

पैशांऐवजी वाद्याला वाद्य, हा व्यवहार हौशी लोकांत फार चालतो. माझी ढोलकी घे, तुझा पखवाज दे, वर किती द्यायचे ते बोल. ही ‘वर’ची रक्कमच खरी चकवते. समजा, माझी ढोलकी बाजारात खरोखर ६,००० ची आहे आणि तुमचा पखवाज १०,००० चा. मी वर ४,००० द्यायला हवेत. पण अदलाबदलीत दोघंही आपापली वस्तू फुगवून सांगतात, आणि समोरच्यानेही फुगवलंय म्हणून मनाला काही वाटत नाही. दोघांनी सारखीच, २० टक्के फुगवली असं धरा. माझी ७,२०० ची झाली, तुमची १२,००० ची. फरक ४,८०० चा. म्हणजे ‘दोघांनी सारखंच वाढवलं’ या समाधानात माझ्या खिशातले ८०० रुपये गेले. कमी किमतीची वस्तू ज्याच्या हातात आहे त्याचं या फुगवाफुगवीत नेहमी नुकसान होतं. त्याने आधी दोन्ही वस्तूंची रोखीतली किंमत ठरवायचा आग्रह धरावा: ‘मी उद्या रोख घेऊन आलो तर पखवाज कितीला द्याल?’ हा प्रश्न विचारला की फुगा बराचसा खाली बसतो.

अदलाबदलीत पहिलं पार्सल कोणी पाठवायचं यावरही ताणाताणी होते. शक्य असेल तर मधल्या गावी भेटावं. जव्हारचा माणूस आणि नाशिकचा माणूस असेल तर मोखाड्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर त्र्यंबकेश्वर आहेच. तिथल्या एसटी स्टँडवर दोन्ही वाद्यं वाजवून बघता येतात, माणसंही जमतात. पाठवायचंच झालं तर तबल्याचे गठ्ठे थोडे वर सारून ताण उतरवावा, आणि खोक्यात खोकं घालून मधल्या जागेत कापडाच्या चिंध्या ठासाव्यात. पैशांच्या बाबतीत दोनच गोष्टी. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणारा घेणारा नव्हे, चोर आहे. आणि फसलात तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. उशिराने पैसे अडवणं कठीण होत जातं.

कायदा मात्र टाळून चालणार नाही. गोव्यात आणि तळकोकणात मातीच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आणि अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून मान्यता दिली ती बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटांना वाट मोकळी करत. तरी ‘ओरिजिनल घुमट, जुना’ अशी जाहिरात दिसली की कातड्याचा जवळून फोटो मागावा. घोरपडीच्या कातड्यावर मण्यांसारख्या बारीक खवल्यांच्या रांगा असतात, बकऱ्याच्या कातड्यावर केसांची छिद्रं. खवले दिसले तर भाव करू नये, संभाषणच थांबवावं. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर विकत घेतल्यानंतर कामाचं राहत नाही.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. १०० वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे ‘२०० वर्षं जुना, परदेशात पाठवतो’ ही जाहिरात म्हणजे विकणाऱ्याने स्वतःविरुद्ध लिहिलेली फिर्यादच. जुनं नसेल तर तो खोटं बोलतोय, असेल तर गुन्हा करायला निघालाय. शिसमच्या बाबतीत उलट सुधारणा झाली आहे. २०१७ मध्ये शिसमाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधयादीत आल्या आणि परदेशी राहणाऱ्या भाच्याला तबला पाठवणंही कटकटीचं झालं. २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

आता पलीकडच्या बाजूने, विकणाऱ्याच्या. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ढोल ही जुनी वस्तू नाही, चालू वस्तू आहे. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव बोहाडा होतो, देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं निघतात, तेव्हा सांबळ आणि पिपाणी हवीच. शहरातून आलेला कोणी घराच्या आढ्याला टांगलेला ढोल बघतो, हजार-पाचशे पुढे करतो, आणि तोच ढोल चार दिवसांनी मुंबईतून अनेक पटींनी मागत जाहिरातीत उभा राहतो. या मधल्या अंतरात ढोलात काहीही बदललेलं नसतं. बदलतो तो मजकूर. तो मजकूर लिहायला पाड्यावरच्या दहावी झालेल्या मुलीलाही येतं, मोबाइल तिच्याकडेही आहे. कोणत्या लाकडाचा, शिवणीचा की आणखी कशाचा, कोणी कोरला, कातडं कधी मढवलं, कोणत्या उत्सवात वाजतो, ढोल वाजतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ. एवढी माहिती मुंबईच्या दलालाकडे कधीच नसते, आणि तिचे पैसे घेणारा आनंदाने देतो.

विकण्याआधी घरात एक प्रश्न विचारावा: ढोल कोणाचा? पाड्याच्या वर्गणीतून झालेला असेल तर एकट्याने त्याचा सौदा करणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या भांडणाचा विसार घेणं.

दुसरा प्रश्न घेणाऱ्याला विचारायचा, तोही किंमत सांगण्याच्या आधी: ‘वाजवायला हवा की टांगायला?’ ही दोन गिऱ्हाइकं पूर्ण वेगळी. वाजवणाऱ्याला घट्ट नवं कातडं हवं, खोडाला चीर नको, जुनेपणाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. टांगणारा रिसॉर्टवाला असतो किंवा दिवाणखाना सजवणारा. त्याला धुराने काळवंडलेलं कातडं, झिजलेला काठ, उसवलेली दोरी हवी असते. आवाज निघाला नाही तरी त्याची हरकत नसते. अशा गिऱ्हाइकासाठी नवं कातडं मढवायला पैसे घातले तर ते वाया जातातच, वर ढोल ‘नवा’ दिसायला लागून किंमतही उतरते. फुटलेला, आता न वाजणारा ढोल त्याला द्यावा, जसा आहे तसा, धूळसुद्धा न पुसता, आणि त्याच्याकडून येणाऱ्या पैशांत वाजत्या ढोलाचं कातडं बोहाड्याआधी बदलून घ्यावं. फक्त जाहिरातीत ‘वाजत नाही’ हे लिहावं, आणि ‘२०० वर्षं’ लिहू नये.